मिस्त्रीचा हात आणि पदवीधराची लाज

आमच्या समाजात काही प्रश्न असे आहेत की, ते विचारणाऱ्यास उत्तराआधी उपदेश ऐकावा लागतो. एखाद्या सुशिक्षित घरातील मुलाने पदवी पदरात पडल्यावर 'मी मोटारसायकली दुरुस्त करण्याचा धंदा पत्करावा म्हणतो' असे शब्द उच्चारावे, की घरातील प्रत्येकास आपापल्या परीने तत्त्वज्ञान सुचू लागते. वडील म्हणतात, 'यासाठी का तुला एवढे शिकविले?' आई काहीच बोलत नाही. परंतु शेजारणी विचारतील तेव्हा काय सांगावे याची जुळवाजुळव तिच्या मनात सुरू झालेली असते. सर्वांत व्यवहारी असतात ते काका. ते म्हणतात, 'अरे, गॅरेज काढायचे तर खुशाल काढ. चार पोरे कामाला ठेव, गल्ल्यावर बैस. पण तू स्वतः पान्हा हातात धरू नकोस म्हणजे झाले!'

काकांचे हे वाक्य आम्हांस फार मोलाचे वाटते. वडिलांचा आक्षेप पैशाचा असेल, आईचा मायेचा असेल. परंतु काकांनी आमच्या सबंध वर्गाचे अंतरंग एका वाक्यात उघडे करून दाखविले आहे. धंद्यास हरकत नाही, नफ्यास तर नाहीच नाही. हरकत आहे ती हाताने काम करण्यास. दुसऱ्याच्या काळ्या झालेल्या नखांवर आपण पांढरपेशे राहून जगावे, यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. आपली नखे काळी व्हावी यात मात्र घराण्यास बट्टा लागतो. प्रस्तुत लेख या हरकतीविरुद्ध आहे.

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. सातारचा एक तरुण, आमचा जुना विद्यार्थी, पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाला. पुढे रिवाजाप्रमाणे त्याची रवानगी पुण्यास स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासासाठी झाली. तीन वर्षे अभ्यासिकेत बसून, दोनदा थोडक्या गुणांनी मागे राहून, तो घरी परतला. आणि संध्याकाळी मित्राच्या गॅरेजमध्ये बसता बसता त्यास असे दिसून आले की, आपले मन ज्यात रमते आणि आपली बुद्धी ज्यात चालते ते काम हेच. घरी वादळ झाले. त्याने आम्हांस सल्ला विचारला, व त्याच्या वडिलांनीही विचारला. दोघांस आम्ही जे सांगितले तेच येथे विस्ताराने मांडीत आहोत. कारण अशी घरे सातारा-सांगलीस एक-दोन नव्हेत.

प्रथम एक खोटी तुलना दूर केली पाहिजे. अशा प्रसंगी आईबापांच्या डोळ्यांपुढे एका बाजूस तेलकट कपड्यांतला मिस्त्री असतो आणि दुसऱ्या बाजूस लाल दिव्याच्या मोटारीतून उतरणारा जिल्हाधिकारी असतो. (तो लाल दिवा सरकारने २०१७ मध्येच काढून टाकला, परंतु आमच्या मनातला अजून विझलेला नाही.) वस्तुतः निवड या दोघांमध्ये नसतेच. राज्यसेवेच्या परीक्षेस लाखोंनी उमेदवार बसतात व काही शेकडा जागा भरल्या जातात. म्हणजे बहुसंख्य मुलांपुढची खरी निवड ही मिस्त्री होणे आणि अभ्यासिकेत चौथे, पाचवे, सहावे वर्ष काढणे यांमधली असते. ज्याची परीक्षेवर निष्ठा आहे त्याने ती अवश्य द्यावी. आमचे भांडण परीक्षेशी नाही. परंतु तिशीकडे झुकलेला मुलगा रिकामा बसला तर घराची अब्रू शाबूत राहते, आणि तोच चार पैसे मिळविण्यासाठी इंजिन उघडून बसला तर ती जाते, हा हिशेब कोणत्या गणितात बसतो ते आम्हांस कोणीतरी समजावून सांगावे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. 'हे बुद्धीचे काम नव्हे' असे सांगण्यात येते. जे असे म्हणतात त्यांनी बिघडलेल्या मोटारसायकलीपुढे कधी घटकाभर बसून पाहिलेले नसते. एक अगदी साधे उदाहरण घ्या. गाडी सकाळी एका किकेत सुरू होते, पाच-सहा मैल नीट चालते, आणि मग एकाएकी बंद पडते. पाऊण तास थांबले की पुन्हा सुरू होते. दोष कोठे असावा? ठिणगी देणारे कॉइल तापल्यावर दगा देत असेल. व्हॉल्व्हची फट फार कमी ठेवली गेल्यामुळे, धातू तापून वाढला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नसेल व दाब निसटत असेल. किंवा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातले हवा आत घेणारे बारीक छिद्र बुजले असेल. पेट्रोल खाली उतरत जाते, वर पोकळी होते, आणि शेवटी पेट्रोल उतरेनासे होते. लक्षण एक, कारणे तीन. अडाणी कारागीर तिन्ही भाग बदलून गिऱ्हाइकास बिल देतो. जाणता मिस्त्री प्रथम टाकीचे झाकण उघडतो व आत हवा शिरल्याचा फुसकारा ऐकू येतो का ते पाहतो. आला, तर दोष सापडला. टाचणीने छिद्र मोकळे केले की काम संपले. न आला, तर तो तापल्या इंजिनाची ठिणगी पाहील, मग दाब पाहील. एकेक शक्यता अशी क्रमाने खोडून काढणे, ही जर बुद्धी नव्हे तर आम्ही वर्गात तर्कशास्त्र म्हणून जे शिकवितो ते काय आहे?

आमच्या नैयायिकांनी डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याचा दृष्टान्त शेकडो वर्षे घोटला. गॅरेजमधला मिस्त्री त्यांच्यापुढे एक पाऊल जातो. त्यास धूर दिसला म्हणजे अग्नी आहे एवढे कळून भागत नाही. धुराच्या रंगावरून काय जळते आहे ते त्यास ओळखावे लागते. निळसर धूर असेल तर रिंगा वा व्हॉल्व्हचे सील झिजून इंजिनऑइल जळत आहे. काळा असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. थंडीत पहिल्या मिनिटास निघणारी पांढरी वाफ मात्र निरुपद्रवी आहे. यातील शेवटच्या प्रकाराचा बागुलबोवा करून गिऱ्हाइकाचे इंजिन उघडणारा जो लबाड, तो हेत्वाभासाचे जिवंत उदाहरण होय.

बुद्धीचा आक्षेप असा ढासळला की 'संस्कृती'चा आक्षेप पुढे येतो. सुसंस्कृत मनास ही कामे शोभत नाहीत, असे त्याचे स्वरूप. त्यास उत्तर देण्यासाठी आम्ही वाचकांस सांगलीहून अवघ्या दोन-तीन कोसांवर मिरजेस घेऊन जातो. मिरजेचा तंबोरा हिंदुस्थानातील थोर गवयांच्या मागे वाजत आला आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेस वास्तव्य केले, व १९३७ मध्ये ते वारल्यावर तेथेच त्यांची कबर झाली. हे तंबोरे व सतारी करणारी घराणी मूळची कोणाची? शिकलगारांची; म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या, शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची. एकोणिसाव्या शतकात संस्थानी फौजांचे दिवस सरले, शस्त्रांना गिऱ्हाईक राहिले नाही. तेव्हा त्यांतील फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तोच हात वाद्यांकडे वळविला. पंढरपूरकडचा भोपळा घेऊन त्यातून सूर काढणाऱ्या त्या कारागिराचे सर्वांत नाजूक काम म्हणजे जवारी काढणे: घोडीचा पृष्ठभाग कानाने ऐकत ऐकत कानसेने इतका अल्प घासावयाचा की, तारेचा नाद भरून यावा.

ज्या मध्यमवर्गास या कारागिराविषयी आदर वाटतो, त्याने शेजारच्या गॅरेजमध्ये डोकावून पाहावे. तेथेही एक माणूस इंजिनाकडे कान देऊन बसलेला असतो. टॅपेटचा आवाज निराळा, टाइमिंग चेनचा निराळा, क्रँकच्या बेअरिंगचा निराळा. आणि तो जी फट बसवितो ती मिलिमीटरच्या दशांशाहूनही कमी असते. एकाचा कान सुरासाठी आहे व दुसऱ्याचा यंत्रासाठी, एवढा फरक आम्ही मान्य करतो. परंतु एकाच्या हातास कला म्हणावयाचे व दुसऱ्याच्या हातास हमाली म्हणावयाचे, हा न्याय कोणता? शिकलगार तलवार घासत होता तेव्हाही आमच्या आजोबांनी त्यास ओसरीच्या पायरीवरच बसविले असणार.

हाताची ही लाज आली कोठून? गावगाड्यात लोहार, सुतार, कुंभार, चांभार यांना धान्याचे बलुते मिळे, परंतु अक्षर मिळत नसे. आणि ज्यांच्याकडे अक्षर होते त्यांनी ऐरणीस हात लावावयाचा नसे. इंग्रजी राज्य आले तेव्हा बोरू धरणाऱ्यांनी टाक धरला, टाक गेला तेव्हा टंकयंत्र घेतले, आणि कारकुनीलाच विद्या हे नाव पडले. पुढे शिक्षण बहुजन समाजात पसरले, ही या शतकांतील अत्यंत इष्ट गोष्ट झाली; परंतु शिक्षणाबरोबर आमचा हा जुना रोगही नव्या घरांत शिरला. ज्याच्या आजोबांनी नांगर धरला त्याचा नातूही आज पदवी घेताच मातीस व लोखंडास विटाळ मानू लागतो. याचा परिणाम सबंध देशाने भोगला: ज्याला कारण कळते त्याचा हात चालत नाही, आणि ज्याचा हात चालतो त्याला कारण कोणी सांगितलेले नाही.

आणि हे घडावे ते सातारा-सांगलीत, याचे आम्हांस विशेष वैषम्य वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडली व ते बेळगावात सायकलींच्या दुकानात आले. त्या काळच्या एखाद्या काकांनी त्यांसही काही सुनावले असेलच! दुचाकीच्या त्या दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर निघाले. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते असे मानून शेतकरी त्या नांगराकडे पाहावयासही तयार नव्हते, तरी लक्ष्मणराव मागे हटले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर त्यांनी जे गाव वसविले ते किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यात आहे. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. त्यांनी स्वतः किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकले होते. आणि त्यांच्या संस्थेचे ब्रीद स्वावलंबी शिक्षण हे आहे. दर वर्षी २२ सप्टेंबरला आम्ही त्यांच्या तसबिरीस हार घालतो, 'कमवा आणि शिका' यावर भाषणे करतो, आणि घरी येऊन मुलास सांगतो की, पान्हा हातात धरू नकोस!

दूरचा दाखला हवा असेल त्यांनी जपानकडे पाहावे. सोइचिरो होंडा हा लोहाराचा मुलगा. १९२२ मध्ये तो तोक्योतील एका मोटारदुरुस्तीच्या दुकानात उमेदवार म्हणून राहिला. १९४८ मध्ये त्याने जी कंपनी स्थापन केली तिचे नाव आज आमच्या प्रत्येक खेड्यात घेतले जाते. प्रत्येक मिस्त्री होंडा होईल असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक मराठीचा पदवीधरही हरिभाऊ आपटे होत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, लोखंडाची ओळख हाताने झाल्याखेरीज यंत्रयुगात कोणत्याही समाजास स्वतःची वाट काढता आलेली नाही.

उपयुक्ततेविषयी तर बोलावयासच नको. सातारा हे पेन्शनरांचे गाव आणि सांगली ही नाट्यपंढरी, ही वर्णने गोड आहेत; परंतु या दोन्ही जिल्ह्यांचा रोजचा व्यवहार दोन चाकांवर चालतो. पहाटे कॅन अडकवून डेअरीकडे धावणारा दूधवाला, खेड्यातील शाळेवर जाणारी शिक्षिका, उसाच्या फडावर जाणारा मुकादम, रात्रपाळीची परिचारिका, यांची गाडी एक दिवस अडली तर त्यांचा दिवस अडतो. नव्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे त्या काळात, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या सातारच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर निघाली. ती आज निघत नाही. परंतु कारखान्याने गाडी एकदाच तयार केली, आणि वीस-वीस वर्षे ती चालती ठेवली ती गल्लीतल्या मिस्त्रीने.

ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेचा महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. पाणी ओसरले तेव्हा गल्लोगल्ली चिखलाने माखलेल्या दुचाक्यांच्या रांगा होत्या. अशा वेळी उतावीळपणे गाडी सुरू करू पाहणाऱ्याचे फार नुकसान होते. कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, आणि सिलिंडरात पाणी असता इंजिन जोराने फिरविले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर घालविणे, दुधासारखे पांढरे झालेले ऑइल काढून पुन्हा पुन्हा नवे घालणे, टाकी धुणे, विजेचे सांधे एकेक करून कोरडे करणे, हे सारे ज्याला ठाऊक होते त्याच्या दाराशी त्या दिवसांत सर्व जातींचे, सर्व पदव्यांचे लोक हात जोडून उभे होते. पूर ओसरल्यावर तो मान टिकला असता तर हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती.

येथवर वाचून कोणी असे समजेल की, आम्ही श्रमाचे पोवाडे गाणाऱ्यांपैकी आहोत. तसे मुळीच नाही. काकांइतकाच आम्हांस त्या वक्त्यांचाही राग येतो, जे व्यासपीठावर श्रमप्रतिष्ठेची आरती ओवाळतात व स्वतःच्या मुलास परदेशी धाडतात. अलीकडे पाश्चात्त्य देशांतून या विषयावर वाचनीय ग्रंथही आले आहेत. मॅथ्यू क्रॉफर्ड नावाच्या विद्वानाने शिकागो विद्यापीठाची तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट मिळविल्यावर विचारवंतांच्या संस्थेतील नोकरी टाकून मोटारसायकली दुरुस्त करण्याचे दुकान काढले, व त्या अनुभवावर २००९ मध्ये 'शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट' हा ग्रंथ लिहिला. ग्रंथ विचारप्रवर्तक आहे. परंतु क्रॉफर्डपुढे निवड होती, हे विसरू नये. आमच्या गॅरेजांतून सुटे भाग पेट्रोलमध्ये धुणारा जो 'पोऱ्या' दिसतो, त्यास कोणी विचारले होते? २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास अशा कामावर ठेवण्यास बंदी आहे, व अठरापर्यंत धोक्याच्या कामास. तरीही तो पोऱ्या दिसला तर त्याच्या कष्टांचे काव्य करणे हा निर्लज्जपणा आहे. त्यास शाळेत बसविणे हे कर्तव्य आहे. काम निवडले असेल तरच त्यास प्रतिष्ठा. लादलेल्या कामास प्रतिष्ठेचा मुलामा देणे ही गुलामगिरीची जुनीच रीत होय.

तेव्हा या धंद्याची काळी बाजू लपवून आम्ही कोणास त्यात लोटणार नाही. वापरलेले इंजिनऑइल वर्षानुवर्षे कातडीस लागणे अपायकारक आहे; पेट्रोलमध्ये बेंझिन असते, व उघड्या हातांनी त्यात भाग धुणे ही घातक सवय आहे; बंद खोलीत इंजिन चालू ठेवणे म्हणजे विषारी वायूशी खेळ आहे. दिवसभर उकिडवे बसून गुडघे व कंबर लवकर थकतात. पेन्शन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि आजारपणाच्या दिवशी मिळकत नाही. भांडवल थोडे लागते म्हणावे तर जागेचे भाडे, हत्यारे व सुटे भाग यांत ते हां हां म्हणता वाढते. शिवाय गिऱ्हाईक बहुधा ओळखीचे निघते, आणि ओळखीच्या माणसाचे पैसे नेहमी पुढच्या महिन्यात असतात.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र निराळाच आहे. 'धंदा टिकणार आहे का?' असे जे विचारतात त्यांस आम्ही मान देतो. १ एप्रिल २०२० पासून वायुप्रदूषणाचे भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले, व लहान मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जाऊन त्याच्या जागी इंजेक्शनची पद्धत आली. त्याआधी वर्षभर, १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या गाड्यांना चाक न अडकू देणारे एबीएस ब्रेक सक्तीचे झाले होते. जो मिस्त्री स्क्रू पाव फेरा फिरवून गाडीचा श्वास नीट करीत असे, त्याच्यापुढे एकदम संवेदक, तारांचे जाळे व संगणकाची पेटी आली. आता विजेवर चालणारी दुचाकी आली आहे. तीत ना प्लग, ना पिस्टन, ना ऑइल. मग मिस्त्रीने करावयाचे काय?

आमचे उत्तर असे की, याच कारणासाठी शिकलेल्या मुलाने या धंद्यात जावे. ज्याने केवळ पाहून, पाठ करून विद्या घेतली त्याची विद्या यंत्र बदलताच संपते. ज्याला ओहमचा नियम समजला आहे, जो विजेच्या मंडलाचा नकाशा वाचू शकतो, मीटर लावून कोणत्या तारेत किती दाब असावा व किती आहे हे ताडू शकतो, त्यास कार्बोरेटरचे मरण म्हणजे धंद्याचे मरण वाटत नाही. विजेच्या गाडीसही ब्रेक आहेत, बेअरिंगे आहेत, शॉकअॅब्सॉर्बर आहेत. आणि तिच्या बॅटरीत इतकी शक्ती कोंडलेली असते की, अज्ञानी हात तेथे जिवावरच बेततो. मिरजेच्या शिकलगाराने तलवार सोडून सतार हाती घेतली तेव्हा त्याचा धंदा बुडाला होता. त्याचा हात बुडाला नव्हता. आमच्या मुलास असा हात मिळाला आणि त्याच्या जोडीस पुस्तकाची विद्याही असली, तर भिण्याचे कारण उरते ते आळसाचे.

मग या तरुणाने ठरवावे कसे? आमचा सल्ला थोडक्यात असा. मोटारसायकल भरधाव पिटाळण्याची आवड म्हणजे ती दुरुस्त करण्याची आवड नव्हे. पहिली आवड रस्त्यावर लागते, दुसरी गंजलेला बोल्ट निघत नाही तेव्हा कसास लागते. म्हणून कर्ज काढून दुकान थाटण्यापूर्वी त्याने सहा महिने कोणा चांगल्या उस्तादाच्या हाताखाली काढावे. तेथे पदवीचा उच्चार करू नये. भाग धुण्यापासून आरंभ करावा, व वयाने लहान असलेल्या उस्तादासही 'अहो' म्हणावे. सहा महिन्यांनंतर कंटाळा आला तर निमूट परत यावे, त्यात नामुष्की नाही. मन रमले तर सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा शिक्षणक्रम घ्यावा. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे एखाद्या मोठ्या कारखान्यात उमेदवारी करावी. हातमोजे वापरावेत, हिशेबाची वही ठेवावी, आजारपणाचा विमा उतरावा, आणि बदललेला जुना भाग प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवावा. या शेवटच्या नियमाने जेवढी पत वाढते तेवढी कोणत्याही पाटीने वाढत नाही. हे सारे मुलींसही तितकेच लागू आहे. स्कूटर चालविणाऱ्या हातास ती उघडण्याची मनाई कोणत्या स्मृतीत सांगितली आहे?

आणखी एक ऋण आम्ही त्याच्यावर लादू. कंपन्यांची दुरुस्तीची पुस्तके इंग्रजीत असतात, आणि गॅरेजमधील निम्म्याहून अधिक शहाणपण मराठीत तोंडी असते. ज्यास दोन्ही भाषा येतात व ज्याचा हात चालतो, त्याने हे ज्ञान शुद्ध, सुबोध मराठीत लिहून ठेवावे. कादंबऱ्यांचा आमच्या भाषेस तुटवडा नाही. बिघडलेल्या इंजिनाचे निदान सांगणारे नेटके पुस्तक तिला मिळाले तर ते वाङ्मयसेवाच होईल.

उरले आईबाप. त्यांच्या मनातला खरा प्रश्न ओठांवर येत नाही, म्हणून तो आम्हीच बोलून दाखवितो: 'मग याला मुलगी कोण देईल?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चांगली कमाई असलेले, निर्व्यसनी, जाणते मिस्त्री केवळ धंद्याच्या नावामुळे नाकारले जातात हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. परंतु हा बाजार भरवितो कोण? जे आईबाप आपल्या मुलासाठी या भीतीने रडतात, तेच आपल्या मुलीसाठी स्थळ पाहताना 'गॅरेजवाला नको' म्हणून पत्रिका परत करतात. समाज म्हणून कोणी परका मनुष्य दाराबाहेर उभा नाही. तो आमच्याच दिवाणखान्यात, आमच्याच खुर्चीवर बसलेला आहे. त्यास उठविणे आमच्या हाती आहे.

वाचकहो, तुमच्या घरी हा प्रश्न उद्या उभा राहिला तर मुलास एवढेच विचारा: तुला हे काम आवडते की नुसते टाळावयाचे आहे दुसरे काम? तू किती दिवस हाताने करून पाहिलेस? न सापडणारा दोष शोधण्यासाठी तू रात्र जागलास का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर खुशाल नाही म्हणा. तो तुमचा अधिकार आहे. ती समाधानकारक असतील, तर आशीर्वाद द्या, पहिली हत्यारे तुमच्या पैशाने घेऊन द्या, आणि स्वतःची गाडी सर्वांत आधी त्याच्याकडे दुरुस्तीस न्या. मात्र पैसे त्याच दिवशी चुकते करा. आणि काका बोलावयास लागले, तर त्यांच्यासमोरच मुलाच्या हातात पान्हा ठेवा.